हात मागे ठेवून बघायच्या बाहुल्या

मी दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. लोक आ वासून खुर्चीत पडतात, डॉक्टर कोरतात, आणि मी त्यांच्या गालाच्या आत नळी धरून थुंकी ओढून घेते. पू, रक्त, दाढेत कुजलेलं परवाचं जेवण, सगळं बघून झालं की हात धुते, डबा उघडते आणि पोटभर जेवते. सांगायचं एवढंच, की मला किळस सहसा येत नाही. मावशीचं कपाट उघडलं त्या दिवशी मात्र मी बेसिनवर वाकून सकाळचा चहासुद्धा बाहेर काढला.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. एका मोठ्या दुकानात अत्तरांच्या काउंटरवर उभं राहून तिने आयुष्यभर नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि पगारातून उरेल तेवढ्याच्या बाहुल्या घेतल्या. गुबगुबीत, डोळे मिटणाऱ्या तान्ह्या बाहुल्या नव्हेत. लांब पायांच्या, मुठीत मावेल अशा कमरेच्या, ओठ रंगवलेल्या फॅशनच्या बाहुल्या. प्रत्येक बाहुली आपल्या खोक्यात, समोर पारदर्शक खिडकी, मनगटांना आणि मानेला मागून रबर लावून पुठ्ठ्याला जखडलेली. मावशीने त्यातलं एकही खोकं कधी उघडलं नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणायची. "उघडली की संपली. मग तिच्यात आणि चेंडूत काय फरक?"

आईची कारखान्यात दुपारची पाळी आणि मावशीचं काउंटर सकाळचं, त्यामुळे शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत मी मावशीच्या गळ्यात. तिच्या घरात प्रत्येक वस्तूला वास होता आणि कुठल्याच जेवणाला चव नव्हती. उशांना गुलाब, टॉवेलांना लिंबू, आणि ताटात मीठ विसरलेली उकडलेली भाजी. चप्पल कुठे काढायची, पेला कुठे ठेवायचा, खोकला आला तर कुठल्या दिशेला खोकायचं, सगळ्याचे नियम. आल्या आल्या तिच्याकडे बघून माझे खांदे आपोआप आखडायचे.

पण गृहपाठ झाला की ती कपाट उघडायची, आणि मग ती बाई दुसरीच व्हायची. हे मी कबूल केलंच पाहिजे, कितीही जिवावर आलं तरी. एकेक खोकं मांडीवर घेऊन ती खिडकीतून आत बोट दाखवायची. "ही नाचायला निघालीय. झग्याला आतून अस्तर आहे, बघ. एवढ्याशा झग्याला अस्तर कोण लावतं? या कंपनीने लावलं." "ही विमानात नोकरी करते. हिच्या पर्समध्ये आरसा आहे, खरा, नखाएवढा." "हिचा नवरा नाही, हिला गरजही नाही, हिच्याकडे घोडा आहे." आम्ही दोघी हसायचो. बाजारात नवी बाहुली येणार असं कळलं की आठवडाभर आमचे अंदाज चालायचे: केस सोनेरी की तांबडे, हातात छत्री की कुत्रं. ती पिशवी घेऊन दारातून यायची ती बूटही न काढता सरळ पलंगावर बसायची, आणि मला हाक मारायची. कागद दूर झाला आणि केस तांबडे निघाले, की जणू मीच ते रंगवले असं वाटून मी खोलीभर नाचायचे. तसा आनंद मला नंतर लग्नात झाला नाही, मुलगी झाली तेव्हाही त्याच्यात काळजी मिसळलेली होती.

एकच अट होती. हात मागे.

कारण माझ्या तळहातांना घाम येतो. आजही येतो, उन्हाळा बघत नाही की हिवाळा. शाळेत वहीचं पान भिजून शाई पसरायची, आणि हात धरून गोल करायची वेळ आली की शेजारच्या मुली नंतर फ्रॉकला हात पुसायच्या. मावशीने त्यावरून माझं नावच ठेवलं होतं, घामट. ती ते लाडानेही म्हणायची आणि रागानेही, आणि दोन्ही वेळा मला सारखंच लागायचं.

एकदा बर्फावर घसरणारी एक बाहुली आली. बाह्यांना पांढरी लव, पायांत बूट, आणि बुटांच्या तळाला पातं. मी इतकी हरखले की हात मागचा पुढे कधी आला ते कळलंच नाही. "मावशी, खरंच पातं आहे!" म्हणत मी खिडकीवर बोट टेकवलं. बोट काढलं तिथे एक ओला ठसा राहिला, मधोमध, बाहुलीच्या तोंडावर.

"शी!" मावशी म्हणाली. फक्त तेवढंच. मग तिने फडकं आणलं, ठसा पुसला, फडक्याचा वास घेतला आणि ते दोन बोटांच्या चिमटीत लांब धरून नेऊन टाकलं. धुवायला नव्हे, कचऱ्यात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती जमिनीवर बसून काम करत होती. स्वयंपाकघरात भांड्यांवर ताणून लावतात ती पातळ प्लॅस्टिकची गुंडाळी तिने आणली होती, आणि एकेक खोकं त्यात गच्च लपेटत होती, तीन-तीन थर, वर चिकटपट्टी. कपाटाच्या फटींनाही पट्टी. माझ्यासाठी औषधाच्या दुकानातून सुती हातमोजे आणले होते. ते घालून मी हात मागे ठेवायचे. अति तिथे माती म्हणतात, पण ते लहान मुलाने मोठ्यांना कसं सांगायचं?

घरी माझी स्वतःची एक होती. आईने दुकानाच्या दारातल्या टोपलीतून उचललेली, बिनखोक्याची. तिचे केस मी कात्रीने कापले, मोज्याचा झगा केला, चॉकलेटच्या चांदीची पर्स केली, तिला आंघोळ घातली, रात्री काखेत घेऊन झोपले. घामासकट. घर बदलताना ती कुठेतरी हरवली आणि मी दोन दिवस जेवले नाही. मावशीला त्यातलं काही सांगितलं नाही. तिने विचारलं असतं, "कुठल्या खोक्यात होती?"

आता मावशी म्हातारी झाली. दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध काळा डाग आलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे ती माणसाशी बोलते तेव्हा त्याच्या कानाकडे तोंड करून बोलते. दोनदा गॅस चालू ठेवून झोपली. वृद्धाश्रमात तिच्यासाठी एक बरी खोली मिळाली होती, खिडकीची, एका छोट्या कपाटाची. पण बाई हटून बसली. "आधी माझ्या बाहुल्यांची सोय. ती झाली तर मी उद्या जाते. नाही झाली तर आम्हाला सगळ्यांनाच तू ने."

आमच्या घरात दोन खोल्या, एक नवरा, एक कॉलेजात जाणारी मुलगी. मावशीला तिथे आणायच्या नुसत्या विचाराने माझ्या तोंडाला कोरड पडायची. खोटं कशाला बोलू? मी आठवड्यातून दोनदा तिचं घर पुसते, औषधं भरते, नखं कापते. पण संध्याकाळी मी तिच्या दाराबाहेर पडते, म्हणूनच ते जमतं. म्हणून मीच खटपट केली. गावात खेळण्यांचं एक संग्रहालय आहे. त्यांना फोन केले, चार वेळा केले, आणि शेवटी तिथल्या बाई बघायला यायला तयार झाल्या. बाहुल्या चांगल्या असतील तर काचेचं वेगळं कपाट, आणि खाली पितळी पट्टीवर मावशीचं नाव. हे ऐकल्यापासून मावशी रोज केस विंचरून घेत होती.

बाई दुपारी येणार होत्या. मी सकाळीच गेले, दवाखान्यातल्या हातमोज्यांचा डबा घेऊन. मावशीने खिशातून चावी काढून दिली, आणि खुर्चीत ताठ बसली. कितीतरी वर्षं ते कपाट उघडलं नव्हतं, कारण दिसत नाही तर बघायचं काय, आणि उघडलं तर धूळ जाणार. ते खोली तापवणाऱ्या हीटरच्या भिंतीला लागून होतं, फटींवर अजून त्या जुन्या पट्ट्या. मी पट्ट्या ओढल्या, चावी फिरवली.

आधी वास आला. मेणाचे खडू, आंबलेलं दूध आणि वर अत्तराचा गोडवा. मग मी पहिलं खोकं उजेडात धरलं.

खिडकी आतून धुकटली होती. धुक्यामागे तोंड चकाकत होतं, तेल चोपडल्यासारखं, आणि हनुवटीवर एक थेंब लोंबत होता. कानातल्या डुलांपासून हिरवा रंग फुटून गालावरून गळ्यापर्यंत उतरला होता. मनगटांवरची रबरं विरघळून तपकिरी ओघळ झाली होती. तांबड्या झग्याचा रंग मांड्यांमध्ये मुरला होता, आणि बूट पायांवर वितळून पाय कुठला आणि बूट कुठला ते कळत नव्हतं. दुसरं खोकं काढलं. तिसरं. सगळ्या तशाच, सगळ्या हसत. केस कपाळाला चिकटलेले, आणि ते रंगवलेले ओठ जसेच्या तसे, एक रेघ न हललेले. मी खोकं तिथेच ठेवून बेसिनकडे धावले.

"काय झालं गं?" मावशीने बाहेरून विचारलं.

"पित्त."

"उपाशी राहतेस, म्हणून होतं."

मी तोंड धुऊन आले. "मावशी, या खराब झाल्यात."

"खराब कशा होतील? तळहातावरच्या फोडासारखं जपलंय मी त्यांना."

"चिकट झाल्यात. घाम आल्यासारख्या."

मावशीने माझ्या कानाकडे तोंड केलं. "घाम बाहुल्यांना येत नाही," ती म्हणाली. "घाम तुला येतो. तू लावलास ना हात? लहानपणी?"

पन्नाशी उलटलेली बाई मी, पण कानशिलं अशी तापली की चटका बसला. तिची नखं कापणारे हे हात, तिच्या डोळ्यांत थेंब घालणारे हेच हात. "हो, तीन थर प्लॅस्टिकमधून लावला," मी म्हटलं, आणि तिला ऐकू गेलं नसल्याचं तिने दाखवलं.

मग मी जे केलं ते आमच्या धंद्याला शोभेल असंच होतं. किडलेल्या दाताला पुढून टोपी घालतात, तसं. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या पुढच्या रांगेत लावल्या, खिडक्या बाहेरून स्पिरिटने पुसल्या, पडदा अर्धा ओढला, आणि मावशीची अत्तराची बाटली अर्धी खोलीत उडवली. त्या बाहुल्या मला एका मिनिटासाठीही नजरेसमोर नको होत्या, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारायला मी त्यांना नटवत होते. स्वतःचीच शिसारी येत होती, पण हात थांबत नव्हते. संध्याकाळपर्यंत या गेल्या तर मावशीही जाईल, एवढाच विचार.

संग्रहालयाच्या बाई आल्या त्या अगदी हळू बोलणाऱ्या निघाल्या. दारातच त्यांनी नाकाने एक लहानसा श्वास घेतला, आणि मी ओळखलं की अत्तर वाया गेलं. तरी मी बडबडत होते. ही फार जुनी, ही आता कुठेच मिळत नाही, ही अशी, ती तशी. त्या नुसत्या मान हलवत होत्या. मग त्यांनी मधल्या फळीवरचं एक खोकं काढलं, रेनकोट घातलेली एक बाहुली होती, आणि मावशीला विचारलं, "मी हे उघडून बघू का?"

मावशीचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. "उघडायचंच?"

"हो. बघितल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही."

"उघडा," मावशी म्हणाली. "काचेच्या कपाटात ठेवायची म्हणजे कधीतरी उघडावंच लागणार."

त्यांनी कात्री लावली. प्लॅस्टिक सुटेना, त्याचे धागे निघाले, लांबच लांब. झाकण उघडताच त्या वासाने खोलीतलं अत्तर मागे सारलं. बाईंनी हातमोजा घातलेलं एक बोट बाहुलीच्या गालावर टेकवलं आणि उचललं, तसा चट् असा आवाज झाला. मी दुसरीकडे बघितलं. मावशी त्या आवाजाच्या दिशेने मान वळवून बसली होती.

"मला वाईट वाटतं," बाई म्हणाल्या, "पण या आम्हाला घेता येणार नाहीत. यांच्यातून वाफ सुटते. शेजारी ठेवलेल्या चांगल्या बाहुल्याही त्या वाफेने चिकट होतात."

"हात लागला ना?" मावशी पटकन म्हणाली. "मला वाटलंच होतं. घरात लहान मूल होतं तेव्हा."

मी दात आवळले.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "हाताळलेल्या बाहुल्या आमच्याकडे खूप आहेत. केस कापलेल्या, पाय चावलेल्या, आंघोळी घातलेल्या. त्या बऱ्या आहेत. त्यांना वारा लागला, कुणी धुतलं, पुसलं. यांना कुणी हातच लावला नाही, आणि वरून इतकं घट्ट बांधलं. आतली वाफ आतच कोंडली. बाकी काही झालेलं नाही."

जन्मभर वाट बघितलेलं वाक्य परक्या बाईच्या तोंडून ऐकायला मिळालं. खरं तर मी उड्या मारायला हव्या होत्या. मी मावशीकडे बघितलं. ती तशीच ताठ होती, फक्त विंचरलेल्या केसांवरून तिने एकदा हात फिरवला.

"कॉफी घेणार?" तिने बाईंना विचारलं.

बाईंनी घेतली नाही. मी त्यांना दारापर्यंत पोचवून परत येताना जिन्याएवढा लांब वाटणारा दाराजवळचा तीन पावलांचा बोळ ओलांडत होते, आणि डोक्यात पलंग सरकवत होते. मावशी आमच्या बाहेरच्या खोलीत. मुलीचं टेबल आत. खोकी कुठे? ही सगळी ओघळणारी खोकी माझ्या घरात कुठे? मी ठरवलं, दरवाजातच सांगायचं. नाही म्हणायचं. नरड्यापर्यंत शब्द आणून ठेवले.

"त्या आश्रमाला फोन कर," मावशी म्हणाली. "येतेय म्हणावं. बरोबर काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"कपडे आहेत. आणखी काय?"

माझ्या अंगातून सुटकेचा केवढा मोठा श्वास निघाला, तो तिने नक्की ऐकला असणार. लगेच मला माझीच किळस आली, दवाखान्यात कधी आली नव्हती अशी. माणसाने निदान क्षणभर तरी "असं कसं, मावशी" म्हणावं. मला तेवढंही सुचलं नाही. मी फोन केला. त्यांनी सोमवारी यायला सांगितलं.

"आता ती दे इकडे," मावशी म्हणाली. "कापलेल्या खोक्यातली."

"नको. हाताला लागेल."

"दे म्हटलं ना."

मी हातमोजे घालून रबरांचे ओघळ तोडले, ती पुठ्ठ्यावरून सोलून काढली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा बाहुली हातात धरली. "शी!" म्हणाली, पण सोडली नाही. बोटांनी तोंड चाचपलं, केस, रेनकोटची कॉलर. बटणं मोजली असावीत, कारण प्रत्येकापाशी थांबली. रेनकोट अंगातून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर पाठीचा ओशटपणाही निघाला आणि तिच्या मनगटाला लागला. मला बघवत नव्हतं. मग ती पायांपाशी आली आणि चाचपता चाचपता काहीतरी वाकलं. टक्.

मावशी दचकली. "मोडली?"

"नाही. गुडघा आहे तो. वाकतो."

"यांचे गुडघे वाकतात?"

"सगळ्यांचे वाकतात, मावशी. अजून दाब. आणखी वाकेल."

तिने दाबला. टक्. सरळ केला, पुन्हा वाकवला. दुसरा पाय वाकवला. बाहुली तिच्या मांडीवर बसली, ओली, हिरवट, हसरी, आणि मावशी तिच्याकडे कडेच्या नजरेने, मान तिरकी करून बघत राहिली. सगळ्यांच्या झग्यांची अस्तरं जिला पाठ, तिला त्यांचे गुडघे वाकतात हे माहीत नव्हतं. मला राग यायला हवा होता, तोही येईना.

"तू कधीच नाही का गं काढलीस?" तिने विचारलं.

"काय?"

"बाहुली. मी दुपारी झोपायचे की. चांगली घोरत झोपायचे. चावी तिथे खिळ्याला असायची, तुझ्या हाताला येईल अशी."

"तू नको म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. म्हणून काय झालं? पोरं ऐकतात होय?" तिचा आवाज एकदम चढला, काउंटरवर हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकावर चढायचा तसा. "एवढी कसली मेली शहाणी! एकदा लावायचा होतास हात. एकीला तरी. आज निदान एक तरी वाचली असती."

म्हणजे पुन्हा चूक माझीच. लावला असता तर घामट, नाही लावला तर शहाणी. मी हातमोजे ओढून काढले आणि जमिनीवर फेकले.

"तुला किळस आली असती," मी म्हटलं. "म्हणून नाही लावला. मला बाहुल्यांचं काही नव्हतं, मावशी. तू परत तसं तोंड करशील, त्याची भीती होती."

बाहुलीचा पाय मावशीच्या बोटांत वाकलेलाच होता.

"आली असती," ती म्हणाली, आणि दुसरं खोकं मागितलं.